आठ इंची डॉब्सोनियन घरात असताना चार इंची फ्लोराइट रिफ्रॅक्टर घ्यावा का?

गच्चीवरचा (पुणे) | ३ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय.

सिंहगड रस्त्याला सहाव्या मजल्यावर राहतो. सात वर्षांपासून आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण आहे (आरसा २०३ मिमी, फोकल लांबी १२०० मिमी). गच्ची सोसायटीची, किल्ली सेक्रेटरींकडे. लिफ्ट सहाव्यालाच संपते, वरचा जिना पायी. आधी बेस, मग नळी, मग आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगांची) पेटी नि स्टूल अशा तीन फेऱ्या होतात. गेल्या थंडीत कॅलेंडरवर खुणा करत गेलो, चार महिन्यांत अकरा वेळा वर नेली. त्यातल्या तीनदा ढग आले.

मार्चमध्ये वांगणीला एका आकाशदर्शनाला गेलो होतो. तिथे एका गृहस्थांनी टाकाहाशी या जपानी कंपनीची चार इंची रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाची दुर्बीण, आणली होती. रांगेत उभं राहून मिनिटभर चंद्र पाहिला. चंद्राच्या कडेला लागून जे आकाश होतं ते काळंकुट्ट होतं, माझ्या डॉबमध्ये तिथे नेहमी दुधट उजेड असतो. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

नळी, ड्युटी, माउंट (दुर्बीण धरणारा स्टँड) आणि एक बरा डायगोनल (आयपीस वळवणारा आरसा) धरला तर आकडा साडेतीन लाखांच्या आसपास जातोय. बायकोने शांतपणे विचारलं, "म्हणजे अर्ध्या आकाराची दुर्बीण चौपटीहून जास्त पैशांत?" मला उत्तर देता आलं नाही.

फोटो काढायचे नाहीत. फक्त डोळ्याने बघायचंय. तर ज्यांच्याकडे असा रिफ्रॅक्टर आहे त्यांनी सांगावं की डॉबपेक्षा यात नक्की काय वेगळं दिसतं. स्काय-वॉचरची १०० ईडी यापेक्षा खूप स्वस्तात मिळते, मग फ्लोराइटच्या (रंग कमी फाकवणाऱ्या स्फटिकाच्या) भिंगाचा एवढा हट्ट का? तीन भिंगांचा ट्रिपलेट घ्यावा का? आणि आपल्या पावसाळ्यात बुरशीचं काय करता?

जाता जाता, माझ्या डॉबमध्ये कमी पॉवरला ताऱ्यांना पंख फुटल्यासारखे दिसतात. कोलिमेशन (आरशांची जुळणी) करून बघितलं, पूर्ण जात नाहीत. रिफ्रॅक्टरला ही कटकट नसते म्हणे, तोही एक मोह आहेच.

---

बाराइंची (नागपूर) | ३ डिसेंबर २०२५

वहिनींना माझा पाठिंबा.

माझी बारा इंची चार इंचीच्या नऊपट प्रकाश गोळा करते. नऊपट! काच फ्लोराइटची असो की कोहिनूरची, हा हिशोब बदलत नाही. साडेतीन लाखांत तुम्ही बारा इंची घ्याल आणि उरलेल्या पैशांत दहा वर्षं पेट्रोल टाकून अंधाऱ्या जागी जाल. आमच्याकडे पेंचला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालाय. या एकदा. एम ५१ दीर्घिकेचे फाटे दाखवतो, मग बोला. चार इंचीतून तिथे दोन धुरकट ठिपके दिसतील, कितीही पैसे घाला.

चंद्राच्या कडेचं आकाश काळं दिसायला हवं असेल तर आधी आरसा धुवा. मी गंमत करत नाहीये. सात वर्षांत एकदा तरी धुतलात का?

---

कृष्णाकाठ (वाई) | ४ डिसेंबर २०२५

बाराइंचींचं सगळं खरं आहे, आरसा धुण्याचंसुद्धा. तरी माझं मत वेगळं आहे, जरा सविस्तर लिहितो. निवृत्त माणसाकडे वेळ असतो.

आधी तुमच्या सौभाग्यवतींना उत्तर. यात जास्त काही दिसत नाही. कमी दिसतं. शौरीतला एम १३ हा तारकागुच्छ तुमच्या आठ इंचीत साखरेचे दाणे सांडल्यासारखा फुटत असेल, माझ्या १०० मिमीत १५० पटीला कडेकडेने दाणेदार वाटतो नि मधोमध पिठूळ राहतो. दीर्घिकांचं तर नावच काढू नका. ज्याला गल्लीतून दीर्घिका हव्यात त्याने हे पैसे खर्चू नयेत.

माझ्याकडे २०१६ पासून टाकाहाशी एफसी-१०० डीसी आहे. भाचा तेव्हा ओसाकाला होता, येताना घेऊन आला, विमानतळावर ड्युटी भरली, पावती अजून पेटीत जपून आहे. त्याच वर्षी मी बँकेतून सुटलो. ग्रॅच्युइटी आल्यावर घरात दोन वस्तू आल्या, एक वॉशिंग मशीन आणि एक दुर्बीण. मशीन दोनदा बदलून झालं.

नळीचं वजन २.८ किलो. संध्याकाळी चहा ठेवायच्या आधी माउंटसकट एका हाताने उचलून मागच्या अंगणात ठेवतो. चहा पिऊन होईस्तोवर काच गार झालेली असते, कारण दोनच भिंगं आहेत आणि मागून नळीत गरम हवा कोंडायला आरसा नाही. तुमच्या अकरा खुणांच्या जागी माझ्या कॅलेंडरवर गेल्या थंडीत चौसष्ट आहेत. त्यातल्या निम्म्या वीस मिनिटांच्या.

पण हे कारण कुठल्याही छोट्या दुर्बिणीला लागू आहे. त्यासाठी फ्लोराइट कशाला? तर आता मुद्द्यावर येतो.

चांगल्या रिफ्रॅक्टरमध्ये तारा हा ठिपका असतो. १५० पटीला मध्ये टाचणीच्या डोक्याएवढी तबकडी, तिच्याभोवती एक बारीक कडं, आणि बाकी सगळा काळोख. वाटेत दुय्यम आरसा नाही, त्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या नाहीत, त्यामुळे ताऱ्याला टोकं फुटत नाहीत आणि तेजस्वी वस्तूचा उजेड शेजारी सांडत नाही. वांगणीला तुम्ही पाहिलात तो काळोख हाच. म्हणून ही दुर्बीण खरी रमते ती जोडताऱ्यांत.

एक उदाहरण देतो. ज्येष्ठा नक्षत्रातला तांबडा तारा सगळ्यांना माहीत आहे. त्याला एक ५.४ प्रतीचा जोडीदार आहे, जेमतेम २.७ विकला अंतरावर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). मुख्य तारा पहिल्या प्रतीचा, म्हणजे पेटत्या शेकोटीला टेकून ठेवलेली उदबत्ती. लंडनहून हा तारा क्षितिजावर जेमतेम १२ अंश चढतो, तिथली हवा त्याचा चिखल करते. वाईहून तो ४५ अंशांवर येतो. ही आपल्या अक्षांशाची कमाई आहे, आणि आपण ती वापरत नाही.

मी तो फेब्रुवारीत पहाटे सहाच्या सुमारास बघतो. तेव्हा तो दक्षिणेला पुरता वर आलेला असतो आणि आकाश फटफटायला लागल्यामुळे त्याची चकाकी थोडी मरते. ४ मिमीचा आयपीस, १८५ पट. पहिली दहा मिनिटं काही नाही, नुसता तांबडा गोळा तव्यावरच्या थेंबासारखा थरथरतो. मग कधीतरी दोन सेकंद हवा थांबते. गोळा आकसतो, कडं जुळतं, आणि त्या कड्याच्या पश्चिमेला हिरवट टिकली उमटते. माझ्या माउंटला मोटर नाही, त्यामुळे तारा सरकत असतो, आणि ती टिकली त्याच्या पुढे पुढे चालते. पुन्हा हवा हलते, संपलं. २०१६ ते २०१९ मी तीन फेब्रुवारी वाया घालवल्या, चौथ्या वर्षी दिसला. आठ इंचीतून दिसत नाही असं नाही, उत्तम जुळवलेली नि गार झालेली असेल तर दिसतो. पण पहाटे सहाला उत्तम जुळवलेली, गार झालेली आठ इंची गच्चीवर तयार ठेवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आता काच. आमच्या गावात विश्वकोश तयार होतो, त्यामुळे शब्द वापरायचा मोह होतो: वर्णविपथन. साध्या भिंगाने निळा नि तांबडा एकाच जागी येत नाहीत, म्हणून शुक्राभोवती जांभळं धुकं दिसतं. प्रकाश जितका कमी पसरेल तितका काचेचा ॲबे अंक मोठा. फ्लोराइटचा ९५. ओहारा कंपनीच्या एफपीएल-५३ काचेचा ९४.९ च्या आसपास. पडला काही फरक? म्हणूनच १०० ईडी ही फसवणूक नाही. तिच्यात एफपीएल-५३ आहे, ९०० मिमी फोकल लांबी आहे आणि डोळ्याला रंग जवळजवळ दिसत नाही. जास्तीचे पैसे तुम्ही पृष्ठभाग किती नेमका घासलाय त्याचे, फोकसरचे आणि नळी आखूड-हलकी असण्याचे देता. थोडे नावाचेही देता, खोटं कशाला बोलू. 'ईडी' एवढंच लिहिलेली स्वस्त नळी मात्र विचारून घ्या, त्यात एफपीएल-५१ असू शकते, तिचा अंक ८१-८२ वर येतो.

बुरशी. कोरडं कपाट विकत मिळतं, चांगलं असतं. माझ्याकडे आईची धान्याची पत्र्याची कोठी आहे, झाकण घट्ट बसतं, नळी उभी मावते. आत सिलिका जेलच्या पिशव्या. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात. त्या दाण्यांतला रंग विषारी असतो, त्यामुळे कढई वेगळी ठेवा. आमच्याकडे यावरून एकदा महायुद्ध झालंय. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दव पडलेल्या रात्रीनंतर भिंगाला टोपण लावून आत नेऊ नका. उघडं न्या, खोलीत आपोआप सुकू द्या, सकाळी टोपण. बुरशी पावसाने येत नाही, घाईने लावलेल्या टोपणाने येते.

माउंटवर काटकसर करू नका, आणि उंच घ्या. या थंडीत गुरू मिथुनेत आहे, मध्यरात्रीनंतर आपल्या अगदी डोक्यावर येतो. रिफ्रॅक्टर वर वळवला की आयपीस खाली जातो. पहिल्या वर्षी माझा ट्रायपॉड बुटका होता, गुरू पाहायला मी पाटावर बसायचो, तोही मान वाकडी करून. मग सुताराकडून पाय एक फुटाने वाढवून घेतले.

शेवटचं एक सांगतो, ते कुणी सांगत नाही. चांगल्या भिंगाचा एक त्रास असतो. दोष कुणाच्या माथी मारायला उरत नाही. डॉबमध्ये गुरू पुसट दिसला तर कोलिमेशन, आरसा गार नाही, आयपीस हलका, शंभर सबबी असतात. इथे पुसट दिसला तर एकतर हवा, नाहीतर तुम्ही. हवा ओळखायला मला दोन वर्षं लागली. दुसऱ्या कारणाची गोष्ट लांबलचक आहे, कधीतरी सांगेन.

---

न्यूजर्सीकर | ५ डिसेंबर २०२५

काका, चौसष्ट रात्री! इथे डिसेंबरात उणे आठला मी अंगणात जातो तेव्हा शेजारी काळजीने खिडकीतून बघतात.

ट्रिपलेटबद्दल तेवढं लिहितो, कारण मी ती चूक महागात केलीय. माझ्याकडे पाच इंची ट्रिपलेट आहे. फोटोवाल्यांसाठी अप्रतिम, रंग शून्य. पण तीन जाड काचा २१ अंशांच्या घरातून उणे आठात नेल्या की तासभर तरी ताऱ्याचं भजं होतं. नुसत्या डोळ्याने बघणाऱ्याला चार इंचीत दोन भिंगांचा चांगला डब्लेट पुरतो. पुण्यात हा फरक एवढा टोकाचा नसेल, पण थंडीत दुपार तिशीत नि रात्र दहाला असते ना तुमच्याकडेही. वर ट्रिपलेटचं तोंड जड, म्हणजे माउंटही जड.

सेकंडहँडचा विचार करा. या नळ्यांची किंमत फारशी पडत नाही. ॲस्ट्रो-फिजिक्स कंपनीच्या प्रतीक्षायादीत नाव घालून लोक वर्षानुवर्षं थांबलेत, त्यामुळे इथे जुनी नळी बाजारात आली की दुपारपर्यंत विकली जाते. घेताना भिंगातून तिरका टॉर्च मारा, धूळ दिसली तर घाबरू नका (टॉर्चखाली सगळंच भयानक दिसतं), कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सोडून द्या.

आणि सगळे पैसे नळीत घालू नका, एक रुंद आयपीस ठेवा. आयपीसची टेलिव्ह्यू कंपनी काढणारे अल नॅगलर आधी अपोलोच्या चांद्रयानाच्या सिम्युलेटरच्या ऑप्टिक्सवर काम करायचे, अंतराळवीराला खिडकीतून जसं दिसेल तसं दृश्य उभं करायचं. रुंद आयपीसची त्यांची हौस तिथलीच. ७४० मिमीच्या नळीला २४ मिमी पॅनॉप्टिक लावा, दोन अंशांहून किंचित जास्त आकाश मिळतं, सबंध कृत्तिका मावतात. तुमच्या डॉबला तोच आयपीस लावला तर सव्वा-दीड अंशाच्या मध्येच कुठेतरी अडकाल.

---

गच्चीवरचा | ६ डिसेंबर २०२५

सगळ्यांचे आभार. आरसा काल धुतला. बाराइंची, बादलीतल्या पाण्याचा रंग सांगत नाही.

पंख मात्र अजून आहेत. लेसरने कोलिमेशन पुन्हा केलं. ३२ मिमी आयपीसमध्ये व्याध आणि रोहिणी दोन्हीला उजवीकडे वर नि डावीकडे खाली असे दोन पिसारे येतात. गंमत म्हणजे १० मिमीत कमी वाटतात. आरशातच खोट असेल का? तसं असेल तर रिफ्रॅक्टर घ्यायला मला सबळ कारण मिळेल.

कृष्णाकाठ काका, ती 'दुसरी गोष्ट' आता सांगाच.

---

कृष्णाकाठ | ७ डिसेंबर २०२५

सबळ कारण मिळणार नाही असं दिसतंय. सांगतो.

हंसाच्या चोचीतली जोडी सगळे नवख्यांना दाखवतात, एक सोनेरी, एक निळा, ३४ विकला अंतर, कुठल्याही दुर्बिणीत सहज सुटते. मी दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ती बघतो, नेम म्हणून. २०२२ मध्ये निळा तारा निळा नव्हता. राखाडी, मळका. सोनेरी ताऱ्याला शेजारी एक पुसट भूत होतं, आणि चंद्राच्या कडेचं ते काळंकुट्ट आकाश पातळ झालं होतं.

मला वाटलं, आली बुरशी. नळी कोठीतून काढून टॉर्च मारला, काच स्वच्छ. मग वाटलं भिंग सरकलं. भाच्याला फोन करून विचारलं, तेव्हा प्रवासात पेटी आपटली होती का रे? सहा वर्षांनी! तो बिचारा म्हणाला, मामा, आपटली असती तर तेव्हाच सांगितलं नसतं का. मग एका दुकानाला लांबलचक ईमेल लिहिलं, भिंग पुन्हा जुळवून द्याल का म्हणून. त्यांनी जपानला पाठवायचा खर्च कळवला. तो आकडा ऐकून मी दोन दिवस आकाशाकडे बघितलं नाही.

तिसऱ्या रात्री शेजारच्या शेतात उसाचं पाचट पेटवलं होतं. धुराने उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. आयुष्यभर मी उजव्या डोळ्याने बघत आलोय, बँकेत सही तपासतानासुद्धा भिंग उजव्यालाच. वैतागून डावा लावला.

निळा होता. हंसातला तारा होता तसा निळा होता.

त्यानंतर जी तपासणी मी आधीच करायला हवी होती ती केली, तुम्हीही करा. तारा मध्ये घ्या. फक्त आयपीस त्याच्या जागेत फिरवा. पंख फिरले तर आयपीसचा दोष. नाही फिरले, तर आता स्वतःचं डोकं फिरवा, आधी डाव्या खांद्याकडे झुकवा, मग उजव्या. पंख डोक्याबरोबर फिरले तर दुर्बीण निर्दोष आहे, आरोपी तुम्ही. दोन्हीने फिरले नाहीत, तरच आरशाकडे वळा.

माझं भूत डोक्याबरोबर फिरलं. साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, उजव्यात मोतीबिंदू. पिवळट झालेलं बुबुळामागचं भिंग निळा प्रकाश खाऊन टाकतं. म्हणजे दारापर्यंत फ्लोराइटने रंग जुळवून आणायचा आणि घरातल्या शेवटच्या काचेने त्यावर चहा सांडायचा.

ऑपरेशन फेब्रुवारी २०२३. त्यांनी मल्टिफोकल भिंग सुचवलं, चष्मा सुटेल म्हणाले. मी चौकशी केली, ते येणारा प्रकाश दोन-तीन अंतरांसाठी वाटून टाकतं आणि रात्री दिव्यांभोवती वर्तुळं दिसू शकतात. साधं मोनोफोकल मागितलं, बिनरंगी, दूरचं स्पष्ट दिसेल असं. वाचायला चष्मा लागतो, लागू दे. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना दुर्बिणीबद्दल सांगून ठेवा, ही सूचना साठीपुढच्या सगळ्यांना. महिनाभर वाकू नका, वजन उचलू नका म्हणाले होते. २.८ किलो वजनात धरायचं की नाही यावर घरात वाद झाला, मी हरलो.

मे महिन्यात पहाटे हंस वर आल्यावर पाहिलं. निळा इतका निळा की मला तो खोटा वाटला. मग डावा डोळा लावला, तर आता डाव्यातून सगळं जुन्या वर्तमानपत्रासारखं दिसायला लागलं. डाव्याचं काम पुढच्या वर्षी.

तुमचं प्रकरण वेगळं, पण त्याच गावचं. हिशोब करा. १२०० ला ३२ ने भागा, ३७ पट. २०३ ला ३७ ने भागा, आयपीसमधून बाहेर पडणारा झोत साडेपाच मिलिमीटर जाड. तेवढा झोत तुमच्या बाहुलीच्या कडेपर्यंत पसरतो, आणि डोळ्याला सिलिंडर नंबर असेल तर तो तिथे पुरता दिसतो, पंख फुटतात. १० मिमीला १२० पट, झोत १.७ मिमी, डोळ्याचा फक्त मधला तुकडा वापरला जातो, पंख मिटतात. तुम्ही स्वतःच लिहिलंय की १० मिमीत कमी वाटतात. तुम्हाला चष्मा आहे का? असेल तर तो घालून बघता की काढून?

२७ तारखेला शनिवार आहे, चंद्र अर्धा. वाईला या. डॉब गाडीत घालून आणा, दोन्ही शेजारी लावू. मी एकट्यानेच कौतुक करत बसलोय, तुम्ही खात्री करा. स्वेटर दोन आणा.

---

बाराइंची | ७ डिसेंबर २०२५

काका, माझी आई पंचाहत्तरची आहे. तुमची पोस्ट वाचून दाखवली. ती म्हणाली, "मला गेली दोन वर्षं चंद्र दोन दिसतात, मी म्हटलं असतील." उद्या अपॉइंटमेंट घेतलीय.

(तरी नऊपट ती नऊपटच.)

---

गच्चीवरचा | २९ डिसेंबर २०२५

जाऊन आलो. लिहायला दोन दिवस उशीर झाला, कारण काल दिवसभर झोपलो.

आधी पंख. डोकं फिरवलं, पंख फिरले. चष्मा वाचायचा म्हणून काढूनच बघत होतो. चष्म्याच्या दुकानात तपासलं तर उजव्याला सिलिंडर १.२५, दुकानदार म्हणाला हा नंबर नवा नाही, बरीच वर्षं असणार. मी सात वर्षं आरशाला शिव्या घालत होतो.

वाईला संध्याकाळी सहाला पोचलो. काकूंनी आधी जेवायला बसवलं, म्हणाल्या नंतर तुम्ही दोघं माणसात नसाल. आठ इंची अंगणात उघडी ठेवली, तासाभराने काकांनी स्वतः कोलिमेशन तपासून दिलं. त्यांच्या कोठीलाही हात लावून आलो, आत खरंच ज्वारीचा वास येतो.

शनीची कडी सध्या सुईएवढी आहे, दोन्हींत दिसली, दोन्हींत सारखीच. चंद्रावर आल्प्सची दरी उजेडाच्या सीमेवर होती, टाकाहाशीत सुरीने चीर दिल्यासारखी. डॉबमध्येही होती, मोठी नि उजळ, पण डोळ्याला पाणी आणणारी. मृगातला राजन्य मी कितीदा पाहिला असेन, त्याला साडेनऊ विकलांवर जोडीदार आहे हे वाचलं होतं, माझ्या पट्ट्यांच्या टोकांत तो कधी सापडला नाही. चार इंचीत डोळा लावला आणि तो तिथे होता, शोधावं लागलं नाही. मी बराच वेळ हललो नाही. काकांनी शेवटी विचारलं, झोपलात काय.

आता जे काकांनी स्वतःच लिही म्हणून सांगितलंय ते. रात्री एकला गुरू डोक्यावर आला. आधी चार इंची: पट्टे रेखीव, कड स्वच्छ, चित्र स्थिर. मग डॉब. बहुतेक वेळ चित्र उकळत होतं, पण मधूनमधून हवा थांबायची तेव्हा विषुववृत्तीय पट्ट्यात अशा बारीक गाठी नि तंतू दिसले जे चार इंचीत नव्हतेच. काकांनी दहा मिनिटं डोळा काढला नाही. मग म्हणाले, "तुमची दुर्बीण चांगली आहे हो. तुम्ही तिला जेवू घालत नव्हतात." मग परत आपल्या नळीकडे गेले आणि कृत्तिका लावल्या, आणि तिथे माझ्या डॉबला बोलायला जागाच नव्हती.

अडीचला कृष्णेवरून धुकं वर आलं. आधी मेणवलीच्या बाजूचे दिवे गेले, मग गुरूच्या भोवती कडं धरलं. काकांनी टोपण न लावता नळी आत नेली.

ऑर्डर अजून दिलेली नाही. बायकोला राजन्यचं सांगितलं, ती म्हणाली मला दाखव मग ठरवू, म्हणजे काकांना अजून एकदा त्रास आहे. चष्मा शुक्रवारी मिळतोय.